दोन पायऱ्या उरल्या असताना

सोमवार, ७ जानेवारी

पोचले एकदाची! काल संध्याकाळी वसतिगृहाच्या खोलीत सामान टाकलं आणि आज साडेसातला फाटकावर हजर. पहारेकऱ्याने माझं ओळखपत्र इतक्या वेळा उलटंपालटं केलं, की मला वाटलं आता चावूनही बघतोय. आत मात्र सगळे हसतमुख. माझं टेबल खिडकीपाशी आहे आणि खिडकीतून थेट विमानांची शेड, धावपट्टी आणि भरपूर आकाश दिसतं. अजून काय हवं माणसाला? पाच वर्षं पंप आणि पंख्यांचे आराखडे गिरवून हात झिजले, आता विमान! आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, ते असू दे, जेवणाची सोय कशी आहे ते बोल.

इथल्या माणसांची ओळख करून घेतली. मुख्य आराखडाकारांना सगळे थोरले म्हणतात, अगदी तोंडावरसुद्धा. किडकिडीत, हळू आवाजाचे. बोलताबोलता समोरच्याच्या बाहीवरचा सुटा धागा काढून टाकायची सवय. मिस्त्री म्हणजे पान्या, कारण त्याच्या मागच्या खिशात कायम पाना असतो. बसला की टोचतो, मग तो उठून स्वतःलाच शिव्या घालतो. आणि शिपाईमामा. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, उजवा बूट करकरतो, त्यामुळे दोन खोल्या आधीच कळतं की स्वारी येतेय.

आठ वाजता ही वही हातात पडली. शिवलेली, जाडजूड, पानांवर आकडे छापलेले. नियम असा, की इथून कागदाचा कपटाही बाहेर जात नाही. लिहायचं ते याच वहीत, रोज निदान एक पान. थोरले म्हणाले, कामाचं लिहा आणि मनातलंही लिहा, डोक्यात काही शिल्लक ठेवून घरी जाऊ नका. बरोबर चार वाजता मामा सगळ्या वह्या गोळा करतात आणि भिंतीतल्या लोखंडी कपाटात कुलूपबंद करतात. सकाळी आठला परत. म्हणजे कोणी डोकावेल ही भीतीच नाही. वसतिगृहात आईची पत्रंसुद्धा मी उशीखाली ठेवते, त्यापेक्षा हे बरं.

माझ्या आधी या टेबलावर कोण होतं असं पान्याला विचारलं. त्याची वही संपली, म्हणाला. म्हटलं, मग नवी द्यायची होतीत! तो हसला नाही. विनोद कळत नसावा बिचाऱ्याला.

बुधवार, ९ जानेवारी

आज शेडमध्ये नेलं. विमानाचं सरकारी नाव म्हणजे नुसते आकडे. कामगार त्याला शिंगरू म्हणतात आणि ते दिसतंही तसंच, लांब पायांचं, आखूड मानेचं, केव्हा लाथ मारेल सांगता येत नाही असं. लष्करातल्या नव्या पोरांना उडायला शिकवण्यासाठी ते बनतंय. सध्या दोन तयार आहेत, एक नंबर आणि दोन नंबर.

पुढच्या खुर्चीत शिकाऊ पोरगा बसतो. मागच्या खुर्चीत, जिथे इतर विमानांत शिक्षक असतो, तिथे एक राखाडी पेटी. माणसाएवढी उंच, खांद्यावरून आणि कमरेवरून पट्टे आवळलेले. तिला सगळे गुरुजी म्हणतात, आणि म्हणतात ते अहोजाहो करून. सगळा प्रयोग या गुरुजींचाच आहे. माणूस शिक्षक थकतो, त्याला पोराची दया येते, तो मध्येच हात पुढे करतो. गुरुजी करणार नाहीत. पोराभोवती आतून कापडी झापड ओढतात, त्याला बाहेरचं काही दिसत नाही. मग गुरुजी मुद्दाम बिघाड घडवतात. इंजिन बंद पाडतील, सुई अडकवतील, आग लागल्याचा खोटा दिवा लावतील. याला इथे खोडी म्हणतात. पोरगा गडबडला की गुरुजीच बोलून त्याला बाहेर काढतात. जमिनीवरून कोणालाच बोलता येत नाही, ती सोय थोरल्यांनी पहिल्याच आराखड्यातून खोडून टाकली. आम्ही फक्त आमच्या खोलीच्या भिंतीवरच्या कर्ण्यातून ऐकायचं.

आणि माझं काम काय? खोड्या शोधायच्या! पगार देऊन खोड्या काढायला लावतात, ऐकलंय का कोणी कुठे?

दुपारी आणखी एक गंमत झाली. गुरुजींना आवाज हवा होता. चार जणांचे घेऊन पाहिले, माझाच इंजिनाच्या घरघरीतून स्वच्छ ऐकू आला. आई म्हणायचीच, तुझा आवाज तीन गल्ल्या पलीकडे जातो. गाद्या लावलेल्या खोलीत बसवून दोनशे शब्द बोलून घेतले. डावा, उजवा, पाय, दाब, धर, सोड, वर, खाली, शाबास. घसा बसला, पण फुशारकी मारायला विषय मिळाला.

सोमवार, १४ जानेवारी

सबंध आठवडा गिरकीवर गेला. हवेच्या बोगद्यात शिंगराचा लाकडी नमुना टांगून फिरवत होतो. वेग पडला की विमान एका पंखावर कलतं आणि भोवऱ्यासारखं फिरत खाली येतं, ती गिरकी. बाहेर यायची रीत एकच. उजवीकडे गिरकी बसली तर डावा पाय तळापर्यंत दाबायचा आणि धरून ठेवायचा, सात-आठ फेऱ्या. फिरणं थांबलं की त्याच क्षणी सोडायचा. आधी सोडला तर गिरकी आणखी आवळते. उशिरा सोडला तर शिंगरू उलट बाजूला फिरायला लागतं, आणि त्या उलट्या गिरकीतून आमचा एकही नमुना आजवर बाहेर आलेला नाही. आतली सुई आळशी, दोन सेकंद मागे चालते. झापडीतल्या पोराला कधी सोडायचं हे फक्त गुरुजी सांगणार.

मी भीतभीत सुचवलं, शेपूट वीतभर लांबवली तर हे सगळं आपोआप सुटेल. थोरल्यांनी कपाटातून एक जुना आराखडा काढला. त्यात शेपूट वीतभर लांबच होती, त्यांनी स्वतः काढलेली आणि स्वतः खोडलेली. म्हणाले, माफ करणारं विमान पोरांना लाडावून ठेवतं. खरं सांगायचं तर मला पटलं.

सोमवार, २१ जानेवारी

माझी पहिली खोडी आज हवेत गेली! झापडीच्या आत, ऐन वळणात, पट्ट्याचं बक्कल उघडल्यासारखा फक्त खट्ट आवाज. बक्कल तसंच घट्ट, पण पोराला वाटतं आपण सुटलो. तुकडीत सहा शिकाऊ येणार आहेत, पाच आलेत. आज त्यातल्या लंबूची पाळी होती. सहा फुटांचा गडी, मिशीला पीळ देत गेला होता. खट्ट झालं आणि कर्ण्यातून त्याने अशी काही आईला हाक मारली, की आम्ही पोट धरधरून हसलो. मी सगळ्यात जास्त. माझाच आवाज त्याला, वर, उजवा, शाबास, असं सांगत होता आणि तो रडत रडत हो ताई, हो ताई करत होता.

उतरला तेव्हा विजार ओली. पान्याने त्याला आपला कामाचा डगला दिला आणि माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं. थोरल्यांनी माझ्या बाहीवरचा धागा काढला, म्हणाले, तुम्हाला अंग आहे याचं. दिवसभर हवेत होते मी.

सोमवार, २८ जानेवारी

सहावा आला. ठोंब्या आला!

माझा सख्खा धाकटा भाऊ. बावीस वर्षांचा घोडा झाला तरी आमच्या घरी तो ठोंब्याच. लष्करात उडायला शिकतोय हे ठाऊक होतं, पण निवड होऊन इथेच टपकेल हे ध्यानीमनी नव्हतं. रांगेत उभा राहून चेहरा दगडासारखा, आणि मी समोरून जाताना हळूच डोळा मारला, गाढवाने. एकाच प्रकल्पात दोन नातेवाईक चालत नाहीत. कळलं तर दोघांनाही घरी पाठवतील, आणि त्याचं उडणं तर कायमचं संपेल. म्हणून दोघंही अनोळखी. फक्त इथे लिहितेय, कुलपात असतं म्हणून.

नळापाशी दोन मिनिटं गाठ पडली. गुरुजींचा आवाज ऐकून हसून हसून मेलो म्हणाला. ताई, तू असशील तर मी डोळे मिटून उडेन.

त्याला टाकी आठवत असणार. मला तर रोज आठवते. घरामागे पाण्याची उंच टाकी होती. तो सहा वर्षांचा, मी अकरा. मी डिवचलं म्हणून वर चढला, आणि खाली बघितल्यावर शिडीला घट्ट मिठी मारून डोळे गच्च मिटले. मी खालून बोलत बोलत उतरवला. डावा पाय खाली. धर. आता उजवा. शाबास ठोंब्या. एकदाही डोळे उघडले नाहीत त्याने. आणि दोन पायऱ्या उरल्या असताना मी गप्प बसले. मुद्दाम. बघू तरी काय करतो म्हणून. ताई, ताई म्हणत होता, पाय हवेत चाचपत होता, आणि मी तोंडावर हात दाबून हसत होते. मग त्याचे हात सुटले. खांद्याचं हाड मोडलं. आईला मी सांगितलं, त्याची त्यालाच घाई झाली. त्याने कधी माझं नाव घेतलं नाही. आजवर हे मी कोणापाशीही बोललेले नाही.

गुरुवार, ३१ जानेवारी

आज लंबू परत वर गेला. गिरकी बसली. गुरुजी नेहमीसारखे बोलत होते, पाय, दाब, धर. सात फेऱ्यांपैकी पाच झाल्या आणि आवाज बंद. कर्ण्यात नुसता वारा आणि लंबूचं ताई, ताई. कशीबशी त्याने अंदाजाने सुटका करून घेतली, झाडांच्या शेंड्यांना घासत वर आला. नाकातून रक्त, दोन दात हलतायत.

ही खोडी माझी नव्हती. यादी बघितली. माझ्या चाळीस खोड्यांखाली एक्केचाळिसावी टाइप केलेली होती. दोन पायऱ्या उरल्या असताना गप्प.

पायऱ्या. विमानात कुठल्या आल्या पायऱ्या?

शुक्रवार, १ फेब्रुवारी

मामांना गाठलं, चांगलं झापलं. लोकांच्या वह्या वाचता, लाज वाटत नाही? त्यांनी कमरेचा जुडगा हातात घेतला. मग म्हणाले, मला अक्षरओळख नाही, म्हणूनच तर किल्ल्या माझ्याकडे आहेत. पाठीमागे पान्या उभा होता. मान खाली घालून हो म्हणाला.

सोमवार, ४ फेब्रुवारी

थोरल्यांकडे गेले. लपवायचं असं त्यांच्या मनात नव्हतंच, उलट खुर्ची दिली. वह्या कोणी वाचत नाही म्हणाले. लोखंडी कपाटाला मागची भिंत नाही, पलीकडच्या खोलीत दोन्ही विमानांच्या पेट्या आणून ठेवतात, रात्रभर. सकाळी त्यांना काही ना काही नवं येत असतं. कसं, ते थोरल्यांना माहीत नाही, आणि त्यात डोकं घालायची गरजही वाटत नाही. आधी गुरुजींना नियमांची पुस्तकं दिली होती, पोरं नुसती हसायची. माणूस अहवालात खोटं लिहितो, स्वतःच्या वहीत लिहीत नाही. माझ्या आधीच्याने बायकोबद्दल लिहिलं होतं, तीन आठवड्यांत संपला. आता घरी असतो, बोलत नाही. पहिल्या दिवशी मी सह्या केल्या त्यातल्या तिसऱ्या पानावर हे सगळं आहे, म्हणाले. मी वाचलंच नव्हतं, आनंदात होते ना.

जाताना म्हणाले, भाऊ चांगला निवडलाय तुम्ही. त्यांनी त्याला घरी पाठवलेलं नाही. पाठवणारही नाहीत, कारण असा विद्यार्थी पुन्हा मिळायचा नाही.

उद्यापासून एक अक्षर लिहिणार नाही. बसा म्हणावं उपाशी.

बुधवार, ६ फेब्रुवारी

काल पान कोरं ठेवलं.

आज सकाळी एक नंबर वर गेलं. गुरुजी सुरुवातीपासून मुके. एक शब्द नाही. झापडीच्या आत लंबू आधी ओरडत होता, मग विनवत होता, मग मोजत होता. एक, दोन, तीन. अकरापर्यंत मोजलं.

शेताच्या कडेला खड्डा पडलाय. पेटी धड सापडली, ओरखडाही नाही. लंबूचे घरी घालायचे बूट अजून विश्रांतीच्या खोलीबाहेर आहेत, एकात मोजे कोंबलेले. पान्या ते उचलत नाही आणि दुसऱ्या कोणाला उचलू देत नाही.

थोरले म्हणाले, कोरं पान हीसुद्धा नोंदच आहे, आणि फार मोलाची. मी मारलं त्याला. हसले होते मी त्याला, आणि मीच मारलं.

शुक्रवार, ८ फेब्रुवारी

नळापाशी ठोंब्याला सगळं सांगितलं. जा म्हटलं, आजारी पड, पळ, काहीही कर. त्याने माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला! लंबूच्या जागी मी असतो तर गिरकीतून बाहेर आलो असतो म्हणाला, लंबूला कुठे तुझी सवय होती. शिवाय आता माघार घेतली तर जन्मभर भित्रा म्हणून शिक्का. त्याच्या पाया पडले. थोरल्या बहिणीने धाकट्याच्या पाया पडायचं असतं का? घाबरून मागे सरला आणि हसला. टाकीवरून उतरवलंस ना, म्हणाला.

मी सांगितलं त्याला. त्या दोन पायऱ्यांचं. सोळा वर्षांनी सांगितलं.

म्हणाला, मला माहीत होतं गं, मी ऐकलं होतं तुझं हसू.

बुधवार, १३ फेब्रुवारी

लिहितेच आहे आता रोज. गुरुजी, सांभाळा. गुरुजी, हात जोडते. पानंच्या पानं.

आज वेगळंच झालं. शेडमध्ये दोन नंबरचं इंजिन तपासत होते. मी इथे लिहिलं, गुरुजी, सांभाळा, आणि कर्णा म्हणाला, गुरुजी, सांभाळा. माझ्याच आवाजात. शाई वाळलीही नव्हती.

थांबले. मग लिहिलं, चप्पल.

कर्णा म्हणाला, चप्पल.

पान्या धावत आला, तोंडचं पाणी पळालेलं. पेटी चप्पल म्हणाली म्हणाला. मी चप्पल हा शब्द कधीच बोलून दिला नव्हता. त्या दोनशेत नाही.

म्हणजे आता रात्रीची वाट बघायची गरज नाही त्यांना. मी लिहीन ते, लिहीन त्या क्षणी. म्हणजे मी लिहीत राहिले तर —

उतरवीन मी त्याला. खिडकीतून विमान दिसतं. आवाज आहे, शब्द आहेत. शेवटच्या पायरीपर्यंत उतरवीन.

गुरुवार, १४ फेब्रुवारी

फळ्यावर लागलं. सोमवार. सहावा. दोन नंबर. उड्डाण तीन चाळीस.

चारला वह्या गोळा होतात. वेळ बदला म्हणून थोरल्यांना सांगितलं, हात जोडले. म्हणाले, त्या वेळी ऊन बरं असतं. आणि माझ्या बाहीवरचा धागा काढला. धागा नव्हताच. मी नीट बघितलं होतं.

शुक्रवार, १५ फेब्रुवारी

मामांना म्हटलं, सोमवारी पाच मिनिटं उशिरा या. फक्त पाच. बावीस वर्षांत एक मिनिट उशीर केलेला नाही, म्हणाले. वाईट वाटत होतं त्यांना, डोळे पुसले. पण येणार.

वही घेऊन बाहेर पळावं तर कर्णा इथे, खिडकी इथे. ऐकल्याशिवाय, बघितल्याशिवाय लिहू काय?

दाराला आतून कडी आहे. सोमवारी कडी लावून बसेन. ठोकत बसा म्हणावं.

सोमवार, १८ फेब्रुवारी

कडी नाही. दारावर चार भोकं, खाली ताजा भुसा.

मी इथेच लिहिलं होतं. मूर्ख. मूर्ख बाई.

पान्याला म्हटलं, दार धरून उभा राहा. त्याला सकाळीच फाटकाबाहेरच्या कामावर पाठवलंय. टेबलं खिळ्यांनी जमिनीला ठोकलेली. खुर्ची लावलीय दाराला, हलकी आहे.

३.४२
गेला वर. जाताना खिडकीकडे बघून डोळा मारला.

३.४७
झापड ओढली. श्वास ऐकू येतोय.
ठोंब्या, मी आहे.
हसला. कर्ण्यातून हसला. हो ताई म्हणाला.
हे सगळंच जातंय त्याच्या कानात. गप्प बस बाई, कामापुरतं लिही. —
कोणाला गप्प म्हणतेस विचारतोय.
तुला नाही रे. सरळ चल. वर. शाबास.

३.५४
इंजिन गेलं. खोडी आहे, घाबरू नकोस. नाक खाली. वेग पडतोय, नाक खाली —
कलला. उजवीकडे. दिसतोय मला.
डावा पाय. तळापर्यंत. दाब.
धर.
डोळे मिटलेस तरी चालेल. मी बघतेय. धर.
एक फेरी. धर.
दोन. असाच. टाकीसारखाच, ठोंब्या. मी बोलतेय, थांबणार नाही. देवाशप्पथ थांबणार नाही. धर.
तीन.
करकर —
नाही, हे तुला नाही. डावा पाय धर. सोडू नकोस. चार.
अजून चार वाजले नाहीत, मामा, माझ्या घड्याळात — तुला नाही, तुला नाही, तू धर —
खुर्ची पडली
पाच. शाबास. मंद होतंय बघ. दोनच राहिल्या. दोनच. ताई इथेच आहे.
मामा हात नका लावू, वाचता येत नाही तुम्हाला, तो पोरगा — तो —
ठोंब्या, ऐक फक्त. मी म्हटलं की सोडायचा, म्हटल्याशिवाय नाही. सहा. धर.
वही ओढतायत. धर. धर.
थांबलं. आता